शत्रू मेल्यावर काय पडणार, हे आधी कागदावर

व्हिडिओ गेम बनवताना कोडला हात लावण्याआधी एक साधा तक्ता करा. शत्रूच्या नावापुढे काय काय पडू शकतं आणि प्रत्येकाचं वजन (म्हणजे ते पडण्याची शक्यता ठरवणारा आकडा) किती, एवढंच. त्यात 'काहीच नाही' हीसुद्धा एक नोंद हवी. ती विसरलात तर प्रत्येक राक्षसामागे माल पडतो आणि दहा मिनिटांत खेळाडूची पिशवी फुटायला येते. समजा, काहीच नाही 60, नाणी 25, औषध 12, तलवार 3. बेरीज 100 आली, पण तसं बंधन नाही. बेरीज कोडलाच करू द्या, म्हणजे उद्या ढाल घातली तरी बाकीचे आकडे हलवत बसायला नको.

आता 0 ते 99 मधला एक आकडा काढायचा. आला 71. तो 60 पेक्षा लहान नाही, म्हणून 60 वजा, उरले 11. ते 25 पेक्षा लहान, म्हणजे नाणी. तुमच्या इंजिनात (युनिटी, गोडॉट अशा गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वरची मर्यादा धरतात की सोडतात, ते मात्र आधी बघा. युनिटीत पूर्णांक दिले की वरचा आकडा कधीच येत नाही, गोडॉटच्या तशाच फंक्शनमध्ये येतो.

मरण्याच्या फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीत 'मेला' अशी खूण करा, आणि ती आधीच असेल तर तिथूनच परत फिरा. माझ्या खेळात एकाच फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एकाच चित्रात) दोन गोळ्या लागल्या की दोनदा माल पडायचा. मी दोन दिवस रँडमला शिव्या घालत होतो. पडलेली वस्तू शत्रूच्या पोटात जोडू नका, तो पुसला की तीही जाते. एकापेक्षा जास्त खेळाडू असतील तर आकडा सर्व्हरवरच काढा.

तलवार 3 टक्के म्हणजे शंभर राक्षसांत तीन तलवारी, असा हिशेब खेळाडू करतो. प्रत्यक्षात शंभर मारूनही शंभरातले पाचेक जण रिकाम्या हाताने बसतात. ते चालणार नसेल तर प्रत्येक खेळाडूमागे एक मोजणी ठेवा: सलग 60 कोरडे गेले की पुढची तलवार नक्की, आणि मिळाली की मोजणी शून्यावर. ती सेव्ह फाइलमध्ये जाते ना, तेही बघा.

शेवटी, ही मोजणी बंद ठेवून, खेळ न चालवता एका लूपमध्ये एक लाख राक्षस मारा. तलवारी तीन हजारांच्या आसपास यायला हव्यात, शे-सव्वाशे इकडेतिकडे. दोन हजारच निघाल्या तर तुलनेत 'लहान'च्या जागी 'लहान किंवा समान' लिहिलंय का, ते तपासा.