नव्या मूत्राशयाला घड्याळ लागतं: स्वतः कॅथेटर घालताना या चुका टाळा

ऑपरेशननंतरच्या नळ्या निघाल्या आणि मी घरी स्वतः कॅथेटर (लघवी काढायची बारीक नळी) घालायला लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात एक चूक रोज केली. लघवी लागायची वाट पाहत बसायचो. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं केलेलं, टाके छान भरून आलेले. ही मूत्राशयाची पिशवी भरली की कळेलच, असं मी धरून चाललो होतो. कळत नव्हतं. एका दुपारी पोटात नुसतं दडपल्यासारखं झालं, जरा मळमळलं. नळी घातली तर मापाच्या भांड्यात साडेचारशे मिलीलीटर. तेव्हा मला दोनशेच्या पुढे जाऊ नका म्हणून सांगितलेलं होतं.

आतड्याला लघवी लागल्याची ती ओळखीची जाणीव देता येत नाही. कुणाला पोट जड वाटतं, कुणाला घाम येतो, कुणाला काहीच होत नाही. म्हणून घड्याळ हीच आपली जाणीव. सुरुवातीला साधारण दर दोन-तीन तासांनी, रात्रीही गजर लावून. मग डॉक्टर सांगतील तसं वाढवत चार ते सहा तासांवर. बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी चारशे ते पाचशे मिलीलीटरपेक्षा जास्त साठू देऊ नका असंच सांगतात. निदान पहिले काही महिने वेळ आणि माप वहीत लिहा. पुढच्या तपासणीला ती वही फार कामाला येते.

मी हे इतकं ताणून सांगतोय, कारण यात जिवाची जोखीम आहे. पिशवी वारंवार ताणली गेली की तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि जंतूंना फावतं. दाब वाढून किडनीवर ताण येतो. आणि क्वचित जोडलेला भाग फाटतो. अचानक पोटदुखी, फुगलेलं कडक पोट, ताप, उलट्या, खांद्यात दुखणं, नळी घालूनही नेहमीपेक्षा फारच कमी लघवी, असं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. तडक इमर्जन्सीत जा आणि मूत्राशयाला आतडं जोडलेलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. ज्यांच्या कमरेखाली संवेदना कमी आहेत त्यांना दुखणारही नाही. त्यांनी नुसतं बरं वाटेनासं झालं तरी दाखवून घ्यावं.

सारखी नळी घालायला नको म्हणून पाणी कमी पिणं ही दुसरी चूक. मोह मलाही झाला होता. पण लघवी घट्ट झाली की आतड्याचा चिकट स्रावही घट्ट होतो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसभर भरपूर प्या, फक्त झोपायच्या आधीच्या दोन तासांत हात आखडता घ्या.

या स्रावाबद्दल आधी कुणी नीट सांगितलं असतं तर मी एक पूर्ण रात्र रडलो नसतो. नळी आत गेली होती, पोट भरलेलं होतं आणि थेंब येत नव्हता. बाहेर काढून दिव्याखाली धरली तेव्हा टोकाच्या छिद्रात पांढरट, शेंबडासारखी एक तार अडकलेली दिसली. धुऊन पुन्हा घातली आणि धार लागली. आतड्याचं अस्तर मूत्राशयात बसवलं तरी आपला स्वभाव सोडत नाही, ते स्राव करतच राहतं. काळानुसार प्रमाण कमी होतं, पण पूर्ण थांबत नाही. म्हणून सिरिंजने सलाइन सोडून मूत्राशय धुवायचं, हलक्या हाताने, परतीचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. किती मिली आणि आठवड्यातून किती वेळा, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलं पाळा. ‘बरं चाललंय’ म्हणून धुणं सोडणारे पुष्कळ जण असतात. साचलेल्या स्रावाभोवती खडे धरतात आणि ते काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं.

आता स्वच्छतेचं. इथे लोक दोन टोकांना जातात. कुणी हात न धुताच उरकतं, तर कुणी घरातच ऑपरेशन थिएटर उभं करतं आणि त्या तयारीला कंटाळून फेऱ्या चुकवतं. १९७२ मध्ये अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की घरी पूर्ण निर्जंतुक पद्धत लागत नाही. स्वच्छ हात, स्वच्छ नळी आणि वेळेवर पिशवी रिकामी करणं पुरतं. साबणाने हात धुवा, नळीचं टोक कशालाही लागू देऊ नका. एकदाच वापरायची नळी पुन्हा वापरू नका. व्हॅसलीन किंवा तेल लावू नका, पाण्यात विरघळणारं जेलच लावा. पाण्याने बुळबुळीत होणारी नळी असेल तर जेलही नको.

गढूळ लघवी दिसली की घरातली उरलेली अँटिबायोटिक्स घेणं ही सगळ्यांत सर्रास चूक. नळी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच, आणि गढूळपणा बऱ्याचदा स्रावाचा असतो. ताप, थंडी, कंबरेत दुखणं, नव्याने गळणं किंवा रक्त, यांपैकी काही असेल तर आधी कल्चर (लघवीतले जंतू ओळखायची तपासणी), मग गोळी. नुसत्या रिपोर्टवर उपचार करत गेलं की खरोखर गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही.

नळी अडली तर रेटू नका. थांबा, मोठा श्वास घ्या, हळूच खोका. आवळलेला स्नायू सैल पडतो. बायकांची नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या आणि दुसरी नळी तिच्या वरच्या छिद्रात घाला, म्हणजे पुन्हा तीच चूक होत नाही. पोटावरच्या छिद्रातून नळी घालणाऱ्यांनी (पॉल मित्रोफानोफ यांनी १९८० मध्ये अपेंडिक्स वापरून मांडलेला मार्ग) लक्षात ठेवावं की पिशवी फार भरली की तो रस्ता दाबला जातो. आडवे व्हा, जेल वाढवा, जवळ असेल तर एक नंबर लहान नळी घेऊन बघा. तरीही जात नसेल आणि खालून लघवीची वाट बंद केलेली असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका, लगेच निघा.

धार थांबली की नळी झटकन ओढून घेऊ नका. सावकाश, थोडी फिरवत काढा. मध्येच धार लागली तर थांबा. तळाशी राहिलेल्या त्या चमचाभर लघवीतच जंतू वाढतात.

आणि काही गोष्टी वर्षांनी पुढे येतात. छोट्या आतड्याचा शेवटचा भाग वापरला असेल तर बी-१२ हळूहळू कमी होऊ शकतं. आतड्याचं अस्तर लघवीतला आम्ल भाग रक्तात परत घेत असल्याने थकवा, भूक मरणं असं होऊ शकतं. दरवर्षी रक्त तपासणी आणि सोनोग्राफी करा, अगदी ठणठणीत असलात तरी. मूत्राशयात आतडं असलेल्या बायकांची लघवीवरची गर्भचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्री रक्ताच्या तपासणीनेच करा.

माझ्या पाकिटात एक चिठ्ठी कायम असते: कोणतं ऑपरेशन, कोणत्या वर्षी, कोणत्या नंबरची नळी, कोणत्या वाटेने. मी बेशुद्ध असलो तर नळी कुठून आणि कशी घालायची ते अनोळखी डॉक्टरांना तिच्यावरूनच कळेल. एक प्रत घरच्यांकडे आहे, एक कॅथेटरच्या पिशवीत, दोन जादा नळ्यांच्या शेजारी.