कोरड्या मातीतले जीव कसे मोजावेत

मुंबईत बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. उरलेले आठ महिने सोसायटीच्या बागेतली पाणी न घातलेली माती दुष्काळच सोसत असते. त्यामुळे मातीतल्या बारीक जीवांवर कोरडेपणाचा काय परिणाम होतो, हे पाहायला गाव गाठायची गरज नाही. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम.

सारख्या मापाच्या सहा कुंड्या घ्या. झाडाखालची पालापाचोळ्यासकट माती एकत्र कालवून सगळ्यांत सारखी भरा. नर्सरीतली कोरडी लाल माती किंवा नुसतं कोकोपीट नको, त्यात जीव फारसे नसतात. राष्ट्रीय उद्यानातली माती परवानगीशिवाय उचलू नका. तीन कुंड्यांना नेहमीसारखं पाणी द्या, तिघींचं बंद करा. सगळ्या सावलीत, छपराखाली आणि एकाच गॅलरीत ठेवा. चार ते सहा आठवडे थांबा. उन्हात ठेवून घाईने वाळवू नका. काही सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म जंत) वाळता वाळता ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात आणि निपचित होऊन तगतात, पण त्या तयारीला वेळ लागतो. झटकन वाळले तर तेही मरतात.

नमुन्यासाठी 2 इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा 5 सेंमी खोल दाबा. साधारण 100 मिली माती येते. त्याच भोकातून आणखी 5 सेंमी खालची माती वेगळी काढा, कारण वरची माती सुकली की चालता येणारे जीव खाली सरकतात. फक्त वरचा थर पाहिला तर स्थलांतराला मृत्यू समजून बसाल.

आता मातीतले जीव बाहेर काढायचं नरसाळं. वरून दिव्याने माती सुकवत नेली की जीव कोरडेपणापासून खाली पळतात आणि बरणीत पडतात. या पद्धतीला बर्लीझ आणि टुलग्रेन यांची नावं आहेत. 1905 मध्ये इटलीच्या बर्लीझने ती आणली, 1918 मध्ये स्वीडनच्या टुलग्रेनने त्यात दिवा जोडला. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवला की काम होतं. आत 2 मिमी भोकांची जाळी, खाली छोटी बरणी आणि तिच्यात 2 सेंमी सर्जिकल स्पिरिट (मेडिकलमध्ये मिळतं). मातीचा गोळा जाळीवर उलटा ठेवा, म्हणजे वरच्या थरातले जीव आपल्या ओळखीच्या वाटेने बाहेर पडतात. गोळा बाटलीच्या भिंतीला टेकू देऊ नका. तिथे बाष्प जमतं आणि माइट (कोळ्याच्या नात्यातले बारीक जीव) त्यातच चिकटून बसतात.

वर 25 वॅटचा तारेचा पिवळा बल्ब लावा. एलईडी पुरेसा तापत नाही. पहिल्या दिवशी 25 सेंमी अंतर, मग 15. सुरुवातीलाच जवळ आणला तर जीव खाली पोचायच्या आत भाजून निघतात. स्पिरिट पेट घेतं, म्हणून बल्ब घट्ट बांधा. नरसाळं ज्या बैठकीवर ठेवलंय तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर बरणीत मुंग्याच मोजाल. एप्रिलमध्ये चार दिवस पुरतात. जुलैत मुंबईची हवा माती सुकूच देत नाही, तेव्हा आठवडा धरा.

बरणी पांढऱ्या बशीत ओता आणि दहापट भिंगाने पाहा. लांबट, मऊ, शेपटीखाली चिमटा असलेले ते स्प्रिंगटेल. गोल, चकचकीत कवचाचे, आठ पायांचे ते ओरिबॅटिड माइट. दुष्काळात या दोघांचं गणित उलटं जातं. कवचामुळे माइटचं पाणी हळू उडतं, तर बहुतेक स्प्रिंगटेल पातळ कातडीतूनच श्वास घेतात, तिथूनच पाणी गमावतात. झाडं कायमची सुकतात त्या टप्प्यालासुद्धा मातीच्या पोकळीतल्या हवेत सुमारे 99 टक्के आर्द्रता असते. आपल्याला घामाने चिकट वाटणारी 70 टक्क्यांची हवा पातळ कातडीच्या स्प्रिंगटेलसाठी वाळवंटच.

खरी फसगत इथे आहे. नरसाळं चालतं तेच मुळी कोरडेपणापासून पळण्यावर. निपचित पडलेला जीव पळत नाही, अंडी तर नाहीच नाही. म्हणून प्रत्येक कोरड्या कुंडीतून जोडीला आणखी एक नमुना काढा. त्याला दोन दिवसांत 20 ते 25 मिली पाणी फवाऱ्याने थोडं थोडं द्या. एकदम ओतलं तर वाळलेली माती ते शोषत नाही, कडेने वाहून जातं. मलमलीने झाकून दहा दिवस ठेवा, मगच नरसाळ्यात घाला. निघालेले जीव बहुतेक पांढरे, अर्धा मिलिमीटरचे असतील तर ते बहुधा अंड्यांतून आलेले. पूर्ण वाढलेले निघाले तर ते तिथेच दडून होते. सुकलेल्या मातीत खोलवर वेटोळं घालून, स्वतःच्या चिकट स्रावाने मढवलेल्या पोकळीत पडलेलं गांडूळ सापडलं तर त्याला मेलेलं समजून फेकू नका, हलकं ओलं करून परत पुरा.

सूत्रकृमी मात्र या नरसाळ्यात मिळणार नाहीत. ते मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यात राहतात आणि तापवलं की जागीच वाळतात. चाळणीत टिश्यू पेपर पसरून दोन चमचे माती ठेवा, बशीतलं पाणी मातीला खालून जेमतेम टेकू द्या. 48 तासांनी चाळणी उचला आणि बशीचा तळ सूक्ष्मदर्शकाखाली 40 पट करून पाहा.

ओलावा मोजल्याशिवाय आकडे निरर्थक. 100 ग्रॅम माती ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 105 अंशांवर 24 तास ठेवा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले 100. जीवांची तुलना ओल्या वजनावर कधीच करू नका. कोरड्या मातीच्या 100 ग्रॅममध्ये माती जास्त आणि पाणी कमी असतं, त्यामुळे दुष्काळी कुंडी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते. पाइपच्या एका गोळ्यामागे किती, असंच लिहा. चौरस मीटरचा आकडा हवा असेल तर सुमारे 510 ने गुणा, पण तीन कुंड्यांवरून काढलेल्या त्या आकड्यावर फार विसंबू नका.