ऑइल सील घेण्याआधी शाफ्ट बघा

सांगलीत माझ्याकडे हळद पॉलिशच्या ड्रमचे गिअरबॉक्स आणि पॉवर टिलर दुरुस्तीला येतात. तेल गळलं की लोक लगेच नवं ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, आणतात. मी आधी शाफ्टवर, सीलची लिप (रबराची आतली धार) घासते तिथे नख फिरवतो. नख अडकलं तर चर पडलीय, नवं सीलही गळणार. मग शाफ्टवर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवा, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर सरकवून बसवा.

जुन्या सीलवर ३५-५२-७ असं मिलिमीटरमध्ये माप असतं: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. अक्षरं पुसली असतील तर व्हर्नियरने शाफ्ट आणि हाउसिंग (सील बसतं ते भोक) मोजा. जुनं रबर मोजू नका, ते ताणलेलं असतं.

साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत चालतं. इंजिनाच्या क्रँकशाफ्टला मी व्हायटॉनच (जास्त उष्णता सोसणारं रबर) घालतो, महाग असलं तरी. रंगावर मात्र जाऊ नका, तपकिरी ते सगळं व्हायटॉन नसतं. हळदीची धूळ, चिखल असेल तिथे डबल लिपचं (धूळ अडवायला दुसरी धार असलेलं) सील घ्या.

सीलमधल्या स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा, लिपला तेल लावा, की-वेवर (शाफ्टवरच्या खाचेवर) टेप गुंडाळा. गिअरबॉक्सचा ब्रीदरही (हवा बाहेर जायचं छिद्र) साफ करा. तो बुजला तर आत दाब वाढतो आणि चांगलं सीलसुद्धा तेल सोडतं.