हर्मिट क्रॅबची वीण चालू आहे का, किनाऱ्यावर कसं ओळखायचं

आधी ओहोटीची वेळ बघा, मग खडकातल्या डबक्यांपाशी जाऊन गप्प बसा, हलायचं नाही, दोन-चार मिनिटांत हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे) आपोआप बाहेर येतात. एखादा क्रॅब दुसऱ्याचा शंख नांगीत धरून ओढत फिरतोय असं दिसलं तर बहुतेक तो नर आहे आणि मादी तयार व्हायची वाट बघतोय (कधीकधी नुसती शंखासाठी मारामारीपण असते म्हणा). अंडी मादीच्या पोटाला चिकटलेली असतात, शंखाच्या आत, ती मधूनमधून बाहेर डोकावून त्यांना पाणी देते तेव्हाच दिसतात. आधी गडद, नंतर फिकट आणि डोळ्यांचे काळे ठिपके आले की पिल्लं सुटायला आलीच. ओढून काढायचं नाही हां, मरतात.

आता किनाऱ्याचा त्यांच्या विणीशी संबंध काय, तर सगळ्यात मोठा शंखाचा. शंख लहान तर अंड्यांना जागा कमी. त्यामुळे रिकामे शंख उचलून घरी नेऊ नका. पाणी कोमट असेल तर अंडी लवकर वाढतात. जमिनीवर राहणाऱ्या जातींच्या माद्यासुद्धा पिल्लं सोडायला समुद्रापर्यंत येतात, वाटेत भिंत बांधली की अडकल्या.