अ‍ॅन्सिबलमध्ये कोणतं काम कधी चालेल, हे स्वतः ठरवा

अ‍ॅन्सिबल म्हणजे एका मशीनवरून अनेक सर्व्हरवर कामं करून घेणारं साधन. इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी) तयार आहे, एसएसएचने सर्व्हरपर्यंत पोचता येतंय आणि प्लेबुक (कामांची फाइल) एकदा तरी चालवून पाहिलंय, असं धरून लिहितोय.

आधी लिस्ट-टास्क्सचा पर्याय लावून प्लेबुकमधली कामं कुठल्या क्रमाने लागलीत ते बघा. फाइलमध्ये टास्क्स (सुटी कामं) वर लिहिले आणि रोल्स (कामांचे तयार संच) खाली, तरी रोल्सच आधी चालतात. क्रम ठरलेला आहे: प्री-टास्क्स, रोल्स, टास्क्स, पोस्ट-टास्क्स. रोलच्या आधी काही करायचं असेल तर त्याची जागा प्री-टास्क्स.

नव्या सर्व्हरवर पायथन नसेल तर गॅदर-फॅक्ट्स (सुरुवातीला सर्व्हरची माहिती गोळा करणं) बंद करा, रॉ मॉड्यूलने पायथन टाका, मग तीच माहिती गोळा करणारं सेटअप मॉड्यूल स्वतः बोलवा.

आता हँडलर, म्हणजे एखाद्या कामाने काही बदललं आणि त्याने कळवलं (नोटिफाय केलं) तरच चालणारं काम, उदाहरणार्थ सर्व्हिस रीलोड करणं. इथे मात्र सावकाश वाचा.

हँडलर नोटिफाय केल्यावर लगेच चालत नाही. त्याचं नाव नोंदवलं जातं आणि रोल्स व टास्क्स सगळे संपल्यावर तो एकदाच चालतो. मधल्या काळात एखाद्या सर्व्हरवर दुसरंच कुठलं काम फसलं, तर त्या सर्व्हरचे नोंदवलेले हँडलर चालतच नाहीत. आणि ही नोंद पुढच्या वेळेसाठी कुठेही जपून ठेवलेली नसते.

मी कोथरूडच्या घरून एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचं नवं सर्टिफिकेट चढवत होतो. गुरुवार होता. दुरुस्तीसाठी लाइट गेली, राउटर बंद पडला, प्लेबुक मधेच तुटलं. लाइट आल्यावर पुन्हा चालवलं. सर्टिफिकेट कॉपी करणारी ओळ या वेळी पिवळ्याऐवजी हिरवी आली, कारण फाइल आधीच्या फेरीतच पोचली होती. शेवटच्या ओळीत चेंज्ड शून्य, फेल्ड शून्य. मी लॅपटॉप मिटला. फाइल बदललीच नाही म्हणून नोटिफाय नाही, नोटिफाय नाही म्हणून रीलोड नाही. डिस्कवर नवं सर्टिफिकेट आणि एन्जिनएक्सच्या मेमरीत जुनं. जुन्याची मुदत संपली त्या सकाळी ग्राहकांच्या फोनवर लाल इशारा आला, तेव्हा कळलं.

म्हणून ‘काही बिघडलं तर प्लेबुक पुन्हा चालवा, सगळं जागेवर येतं’ हा सल्ला मानू नका. हँडलरच्या बाबतीत तो चुकीचा आहे. ‘मग प्रत्येक वेळी रीस्टार्टच करा’ हाही तितकाच वाईट; काही बदललेलं नसताना चालू असलेली कनेक्शन्स तोडायचं कारण नाही.

योग्य उपाय असा. कॉन्फिग किंवा सर्टिफिकेट ठेवणाऱ्या कामाच्या लगेच खाली मेटा मॉड्यूलचं फ्लश-हँडलर्स लिहा. तोवर नोंदवलेले सगळे हँडलर तिथेच चालून मोकळे होतात. फोर्स-हँडलर्सही चालू ठेवा, म्हणजे पुढचं काम फसलं तरी हँडलर चालतील. पण सर्व्हरशी संपर्कच तुटला तर त्याचा उपयोग नाही, म्हणून फ्लशला पर्याय नाही. लांबलचक प्लेबुक लॅपटॉपवरून थेट चालवूही नका. दूरच्या मशीनवर टीमक्स (आपलं कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) उघडून त्यात चालवा. आणि प्लेबुक मधेच तुटलं असेल तर आधी हाताने रीलोड करा, पोर्ट ४४३ वर कुठलं सर्टिफिकेट मिळतंय ते ओपनएसएसएलने बघा, मगच पुढे जा.

हँडलर ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने चालतात, नोटिफाय केल्याच्या क्रमाने नाही. सिस्टमडीचं डेमन-रीलोड (सर्व्हिसच्या फाइल्स पुन्हा वाचणं) सर्व्हिस रीस्टार्टच्या वरच लिहा.

डेटाबेस मायग्रेशनसाठी (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलासाठी) रन-वन्स, म्हणजे ‘हे काम एकदाच चालव’, लावणाऱ्यांना एकच विचारतो: सीरियल, म्हणजे सर्व्हर तुकड्यातुकड्याने घेणं, लावलंय का? सहा सर्व्हर, सीरियल दोन, तर ते ‘एकदाच’ चालणारं काम तीनदा चालतं, प्रत्येक तुकडीत एकदा. माझ्या मते मायग्रेशनसाठी वेगळा प्लेच (प्लेबुकमधला स्वतंत्र भाग) लिहावा, ज्यात सीरियल नाही. ते जमत नसेल तर रन-वन्स काढा आणि व्हेनमध्ये अट घाला: इन्व्हेंटरी-होस्टनेम हे अ‍ॅन्सिबल-प्ले-होस्ट्स-ऑल या यादीतलं पहिलंच नाव असेल तरच चालव.

टॅगबद्दल थोडक्यात. टॅग म्हणजे निवडक कामंच चालवता यावीत म्हणून लावलेलं नाव; इम्पोर्ट आणि इन्क्लूड म्हणजे दुसऱ्या फाइलमधली कामं आत घेण्याच्या दोन पद्धती. इम्पोर्टला लावलेला टॅग आतल्या प्रत्येक कामाला लागतो, इन्क्लूडला लावलेला फक्त त्या इन्क्लूडच्या ओळीला. टॅग देऊन चालवल्यावर आतलं काहीच झालं नाही, तर पहिल्यांदा हेच तपासा. एरवी चालू नये असं काम, उदाहरणार्थ जुना डेटा पुसणं, त्याला नेव्हर टॅग लावा आणि जोडीला त्याचा स्वतःचा एक टॅग द्या. तो टॅग नावाने मागितल्याशिवाय ते काम चालणार नाही.