‘लेन्स गेली’ म्हणण्याआधी: सीडी न घेणारं प्लेस्टेशन पुन्हा कसं चालू करावं

परभणीत नानलपेठेच्या बाजूला मी 2007 पासून सात वर्षं गेमचं दुकान चालवलं. चार प्लेस्टेशन 2, चार जुने टीव्ही आणि तासावर पैसे. कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहातली पोरं संध्याकाळी यायची, उरुसाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची, आणि नेमकं तेव्हाच कोपऱ्यातून हाक यायची, "दादा, हे सीडी घेईना!" ती चार मशीनं मी किती वेळा उघडली असतील त्याची मोजदाद नाही. अजूनही ओळखीतले लोक जुनं मशीन पिशवीत घालून आणतात. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं, "लेन्स गेली, नवी टाका." मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक मशीनांची लेन्स गेलेली नव्हती. ती मळलेली होती, किंवा ती ज्या दांड्यांवरून सरकते त्यांचं ग्रीस वाळून घट्ट झालं होतं.

आधी दोष मशीनचा आहे की डिस्कचा, ते ठरवा. त्यासाठी ओरिजिनल डिस्क लावा. कॉपी केलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे थकलेलं मशीन तीच आधी नाकारतं. प्लेस्टेशन 2 चे काही गेम सीडीवर आले, त्यांची खालची बाजू निळी असते. बाकीचे डीव्हीडीवर, ते चंदेरी. दोन्ही लावून बघा. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी 650 चा. निळी चालते आणि चंदेरी चालत नाही, किंवा उलटं, असं झालं तर लेझरची दोन्हींपैकी एकच बाजू कमजोर झाली आहे. दोन्ही चालत नसतील तर मळ किंवा सरकण्याचा दोष असण्याची शक्यता जास्त. कानही लावा. डिस्क फिरायला लागून लगेच थांबते, की कट-कट आवाज येतो? कट-कट म्हणजे लेन्सची गाडी दांडीवर अडकते आहे. गेम सुरू होतो पण मधला व्हिडिओ अडखळतो, तर बऱ्याचदा गाडी बाहेरच्या कडेपर्यंत नीट पोचत नाही.

डिस्क मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका; माहिती गोल रेषेत लिहिलेली असते आणि त्याच दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो. टूथपेस्ट लावायचा सल्ला देणाऱ्याच्या हाती डिस्क देऊच नका. सीडीची छापील बाजूही जपा, कारण सीडीत माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तिथे खरवडलं की ती डिस्क संपली.

बाजारात बारीक ब्रश लावलेली लेन्स क्लीनर डिस्क मिळते. ती मी वापरत नाही. जोरात फिरणाऱ्या डिस्कवरचे केस लोंबत्या लेन्सवर घासायचे, हे मला कधीच पटलं नाही.

मशीन उघडणं सोपं आहे: वायर काढा, उलटं करा, खालच्या रबरी आणि प्लास्टिकच्या टोप्यांखालचे स्क्रू काढा. जाड मॉडेलचं वरचं झाकण मात्र एकदम ओढू नका, बटणाची चपटी पट्टीसारखी वायर, म्हणजे रिबन, त्याला जोडलेली असते. मग डीव्हीडी ड्राइव्हचं झाकण काढा. त्यातच डिस्क दाबून धरणारी चुंबकाची चकती असते, ती बाजूला ठेवा.

आता लेन्स. इथेच मी पहिल्या वर्षी दोन मशीनं घालवली, म्हणून इथे घाई करू नका.

पहिल्या मशीनला मी चष्मा पुसतात तशी लेन्स पुसली. बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि दाबून फिरवला. लेन्स चकचकीत दिसली, पण त्यानंतर त्या मशीनने एकही डीव्हीडी घेतली नाही. ही लेन्स घट्ट बसवलेली नसते. केसासारख्या बारीक तारांवर ती लोंबत असते आणि शेजारच्या कॉइलच्या चुंबकत्वाने वर-खाली, आडवी हलते. डिस्क टाकल्यावर नीट फोकस शोधण्यासाठी ती वर-खाली होते ते याच तारांवर. तार एकदा वाकली की लेन्स किंचित तिरकी राहते, आणि तो तिरकेपणा डोळ्यांना दिसतही नाही. दुसऱ्या मशीनला मी औषधाच्या दुकानातलं स्पिरिट लावलं. सुकल्यावर त्याचा पातळ थर लेन्सवर राहिला, तो काढायला पुन्हा घासलं, आणि घासण्यात लेन्सवर ओरखडे पडले. लेन्स प्लास्टिकची असते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर, सॅनिटायझर, यातलं काहीही तिच्याजवळ नेऊ नका.

लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. 99 टक्क्यांचं घ्या. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. सोबत नवे इअरबड आणि कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. गॅरेजातल्या कंप्रेसरची हवाही मारू नका, त्या जोरात लेन्स तारांसकट निखळू शकते.

आधी ब्लोअरने चार-पाच वेळा हवा मारा. लेन्सच्या खाली प्रकाश वळवणारा बारीक आरसा असतो, तिथल्या धुळीपर्यंत बड पोचत नाही, हवाच पोचते. मग बड आयपीएत बुडवा आणि कागदावर टेकवून जवळजवळ कोरडा करा. थेंब लोंबत असेल तर तो लेन्सच्या कडेने आत उतरतो. बड लेन्सच्या मध्यावर ठेवा आणि गोल फिरवत कडेपर्यंत न्या, फक्त बडच्या वजनाने. तुमच्या बोटाचा जोर त्यात यायलाच नको. लेन्स खाली दबताना दिसली तर तुम्ही जास्त दाबताय. एकदा फिरवून झालं की तो बड टाकून द्या, मळलेला बड परत लावू नका. दुसऱ्या, कोरड्या बडने तसंच एकदा. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब लेन्समध्ये बघा. ते स्वच्छ, कडा स्पष्ट असलेलं दिसलं की थांबा. निळसर-जांभळी झाक दिसेल, ती लेन्सवरचा मुळातला थर आहे. डाग समजून तो घासणारे मी बरेच पाहिलेत.

आणि प्रीसेट. लेझरच्या अंगावर दोन बारीक प्रीसेट, म्हणजे लेझरचा करंट कमी-जास्त करणारे फिरते स्क्रू, असतात, एक सीडीचा, एक डीव्हीडीचा. "थोडा फिरव, लगेच घेतंय," हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. मीही तो ऐकला होता. प्रीसेट फिरवला, मशीन खरंच चाललं, मला वाटलं युक्ती सापडली. आठ दिवसांत तो लेझर कायमचा गेला. प्रीसेट फिरवून त्याचा विजेला होणारा विरोध कमी झाला की लेझरमधून करंट जास्त जातो, मळलेल्या लेन्समधूनही प्रकाश पोचतो आणि डिस्क वाचली जाते. पण त्या करंटवर लेझर जळत असतो. शिवाय मूळ जागा मल्टिमीटरने मोजून लिहून ठेवली नसेल तर ती अंदाजाने पुन्हा सापडत नाही. पार थकलेल्या लेझरवर शेवटचा उपाय म्हणून कुणी हे केलं तर समजू शकतो. स्वच्छता करण्याआधी प्रीसेटला हात लावू नका.

लेन्सनंतर दांड्या. जुनं काळं ग्रीस आयपीए लावलेल्या बडने पूर्ण काढा, गाडी हाताने हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा, आणि प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस अगदी बारीक लावा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको, त्यावर धूळ बसून दोन महिन्यांत चिखल होतो.

दहा मिनिटं वाळू द्या, ड्राइव्हचं झाकण चकतीसकट ठेवा आणि चालवून बघा. झाकण उघडं ठेवून चाचणी करत असाल तर लेझरच्या समोर डोळा नेऊ नका, आणि लहान मुलांना तेवढा वेळ खोलीबाहेर ठेवा.

इतकं करूनही घेईना, तेव्हा नवा लेझर. मॉडेल नंबर बघूनच आणा, प्लेस्टेशन 2 च्या वेगवेगळ्या मॉडेलना वेगवेगळे लेझर लागतात. नव्या लेझरवर स्थिर विजेपासून वाचवण्यासाठी सोल्डरचा एक थेंब दिलेला असू शकतो. रिबन जोडल्यानंतर तो काढावा लागतो, नाहीतर नवा लेझरही डिस्क घेणार नाही आणि तुम्ही दुकानदाराशी भांडत बसाल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत काम करताना आधी नळाला किंवा एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या.

प्लेस्टेशन 4 किंवा एक्सबॉक्स 360 असेल तर दुसऱ्या मशीनचा पूर्ण ड्राइव्ह काढून बसवू नका. ड्राइव्हचा बोर्ड आपल्याच मदरबोर्डशी बांधलेला असतो, परका बोर्ड लावला की गेम चालत नाहीत. लेझर किंवा यंत्रणा बदला, बोर्ड मूळचाच ठेवा. प्लेस्टेशन 3 पासूनच्या ब्लू-रे डिस्कला पॉलिश करून घेण्याच्याही फंदात पडू नका. तिच्यात माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर असतो.

मशीन परत जागेवर ठेवताना ती जागाही बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळीबरोबर काळ्या मातीची धूळ खिडकीतून थेट आत येते, म्हणून खिडकीखाली ठेवू नका. देवघराजवळ तर नकोच. उदबत्तीचा धूर लेन्सवर चिकट थर देतो, तो ब्लोअरने निघत नाही. माझ्या दुकानात गणपतीची तसबीर दोन नंबरच्या मशीनच्या वर होती, आणि सर्वांत जास्त वेळा उघडावं लागलं ते दोन नंबरचंच मशीन. तसबीर समोरच्या भिंतीवर हलवली, तेव्हापासून ते बाकीच्या तिघांइतकंच चालायला लागलं.