आंतरराष्ट्रीय ट्रायलसाठी रक्ततपासणीची स्थानिक रेंज कशी ठरवावी

रक्ताच्या रिपोर्टवर तपासणीचं नाव असतं, आकडा असतो आणि कडेला बारीक अक्षरात ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते. आपण आकडा बघतो, रेंजकडे ओझरतं पाहतो. औषधाच्या किंवा लसीच्या ट्रायलमध्ये मात्र ती बारीक अक्षरंच निर्णय देतात. कोणाला आत घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं, औषधाचा दुष्परिणाम झाला असं कधी नोंदवायचं, सगळं त्यांच्यावर ठरतं.

समजा एक धडधाकट तरुण नाव नोंदवायला आला. त्याचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये १,४०० निघाल्या. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या लेखी नियमांत) किमान १,५०० लागतात, म्हणजे तो बाद. पण त्याच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसेल, तर एवढे न्यूट्रोफिल हीच त्याची नेहमीची पातळी असू शकते. आफ्रिकी आणि पश्चिम आशियाई वंशाच्या अनेक लोकांत असं आढळतं, आणि त्यामुळे ते जास्त आजारी पडत नाहीत. त्याच्या रक्तात दोष नाही. मोजायची पट्टी दुसऱ्यांच्या मापाची आहे.

हे एखाद्यापुरतं नाही. केनिया, युगांडा, रवांडा आणि झांबियातल्या २,१०५ निरोगी प्रौढांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेतल्या रेंजच्या तुलनेत त्यांचं हिमोग्लोबिन आणि न्यूट्रोफिल कमी होते, इओसिनोफिल (आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) जास्त. अमेरिकेत तयार झालेल्या दुष्परिणामांच्या तक्त्याला लावून पाहिलं, तेव्हा यातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही ‘बिघाड’ निघाला. औषधाचा एक थेंबही पोटात न जाता!

आधी २० जणांवर पडताळा

प्रत्येक साइटने, म्हणजे ट्रायलच्या केंद्राने, शून्यापासून रेंज बनवायची गरज नसते. मशिन बनवणाऱ्या कंपनीची किंवा जवळपासच्या लोकसंख्येवर बेतलेली रेंज हाताशी असेल, तर स्थानिक २० निरोगी माणसांचे सॅम्पल घ्या. दोनपेक्षा जास्त निकाल बाहेर गेले नाहीत, तर ती रेंज वापरायला हरकत नाही. तीन-चार गेले तर नवे २० जण घेऊन पुन्हा पाहतात. त्याहून जास्त गेले, तर ती रेंज तुमच्या लोकांची नाही हे मान्य करायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

निरोगी कोणाला म्हणायचं?

सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं, आणि घाईत हीच पायरी कच्ची राहते. दवाखान्यात तपासायला आलेल्यांचे जुने रिपोर्ट गोळा करून रेंज काढायचा मोह होतो. तशी गणिती पद्धत आहेही, पण तिला प्रचंड डेटा आणि जाणकार माणूस लागतो. ट्रायलसाठी थेट निरोगी माणसं बोलावणं उत्तम. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती हवीच.

वगळायचं कोणाला, हे पहिलं सॅम्पल घ्यायच्या आधी लिहून ठेवा: गरोदर स्त्रिया, नुकताच ताप येऊन गेलेले, नियमित औषधं घेणारे, हल्लीच रक्तदान केलेले, एचआयव्ही किंवा कावीळ बी-सी असलेले, मलेरियाच्या भागात मलेरिया असलेले. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केलेल्यांना काही दिवसांनी बोलवा, कारण स्नायूंतली एन्झाइम्स रक्तात उतरलेली असतात.

इथे एक धोका आहे. ज्या भागात लोहाची कमतरता घरोघरी आहे, तिथे दिसायला ठणठणीत अशी कोणतीही माणसं घेतली, तर हिमोग्लोबिनची खालची मर्यादा आपोआप खाली सरकते. मग ॲनिमिया ‘नॉर्मल’ होऊन बसतो. जंतांमुळे वाढलेल्या इओसिनोफिलचंही तेच. स्थानिक रेंज म्हणजे स्थानिक आजारावर पांघरूण नव्हे. म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासा आणि सोबत सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) ही करा, कारण शरीरात सूज असेल तर फेरिटिन खोटं चांगलं दिसतं. लोह कमी असलेल्यांना हिमोग्लोबिनच्या हिशेबातून बाहेर ठेवा. गावाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे किंवा वंशामुळे पडणारा फरक रेंजमध्ये यायला हवा, कुपोषणामुळे पडणारा नाही. उंच डोंगराळ भागात हवेतला ऑक्सिजन विरळ असल्याने हिमोग्लोबिन वाढतं, तो फरक खरा आहे. माझ्या मते ही सीमारेषा बैठकीत बसून, वाद घालून, कागदावर आखावी. नंतर ती आपल्या सोयीने सरकते.

सॅम्पल

ट्रायलमध्ये रक्त जसं घेतलं जाणार, तसंच इथे घ्या: तीच वेळ, उपाशीपोटी की खाल्ल्यावर तेही तसंच, त्याच नळ्या, तेच मशिन. माणसाला आधी पंधरा मिनिटं बसू द्या. उभ्याने आणि आडवं पडून घेतलेल्या रक्तात हिमोग्लोबिन-अल्ब्युमिन वेगळे येतात. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडा. सॅम्पल सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर सीरम गुलाबी दिसलं, तर पेशी फुटल्या आहेत. पोटॅशियम वाढलेलं येणार, ते सॅम्पल मोजू नका.

१२० आकडे ओळीत लावा

निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे निकाल ज्यात बसतात ती रेंज. लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक गटात किमान १२० जण हवेत. स्त्री-पुरुषांची हिमोग्लोबिनची रेंज वेगळी असते, म्हणजे तिथे २४० लागणार. लहान मुलांचे वयोगट आणखी वेगळे.

गणित अगदी साधं आहे. हिमोग्लोबिनचे १२० आकडे लहानाकडून मोठ्याकडे लिहा. तिसरा आकडा ही खालची मर्यादा, ११८वा ही वरची. खालची मर्यादा कितपत पक्की हे पाहायला पहिला आणि सातवा आकडा बघा. ९० टक्के खात्रीने ती या दोन्हींच्या मध्ये आहे. वर तेच काम ११४वा आणि १२०वा आकडा करतात. टोकाचा एखादा आकडा फारच लांब पडला असेल, तर त्याचं शेजारच्या आकड्यापासूनचं अंतर मोजा. ते पूर्ण पसाऱ्याच्या (सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठ्या आकड्यातल्या अंतराच्या) एक तृतीयांश किंवा जास्त भरलं, तरच तो काढा. नुसता डोळ्यांना खुपतो म्हणून नाही.

रेंज ट्रायलच्या कागदांत नेताना

अनेक देशांतल्या साइट एकत्र आल्या की युनिटचा घोळ हमखास होतो. एकीकडे हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरीकडे तेच १२५ ग्रॅम प्रति लिटर. क्रिएटिनिनचा १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. प्रत्येक रेंजपुढे लॅब, मशिन, युनिट, लिंग, वयोगट आणि ‘कधीपासून लागू’ ही तारीख लिहा. मशिन बदललं की नव्या तारखेची नवी ओळ घाला, जुनी खोडू नका. त्या काळातले निकाल जुन्याच रेंजने वाचायचे असतात. लॅबची रेंज आणि तिच्यातले बदल ट्रायलच्या फाइलमध्ये असणं जीसीपीनुसार (ट्रायल कशी चालवावी याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार) बंधनकारक आहे.

आता रेंज बदलल्याने काय बदलतं ते पाहा. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये वापरला जाणारा सीटीसीएई तक्ता दुष्परिणाम किती गंभीर त्यानुसार ग्रेड देतो. यकृताचं एएलटी हे एन्झाइम तो ‘वरच्या मर्यादेच्या किती पट’ असं मोजतो. एएलटी १३० आलं आणि लॅबची मर्यादा ४० असेल, तर ते तिपटीहून जास्त, म्हणजे ग्रेड २. मर्यादा ६० असेल तर तेच १३० ग्रेड १. न्यूट्रोफिलचं वेगळं आहे. तिथे ग्रेडचे आकडे ठाम छापलेले असतात; तक्त्याच्या पाचव्या आवृत्तीत १,५०० च्या खाली ग्रेड २ होतं. तुम्ही कितीही चांगली स्थानिक रेंज काढली, तरी वरच्या तरुणाला ती एकटी वाचवत नाही. प्रवेशाची अट आणि ग्रेडिंग स्थानिक रेंजनुसार कसं करायचं, हे ट्रायल सुरू व्हायच्या आधी प्रोटोकॉलमध्येच लिहून घ्यावं लागतं. स्पॉन्सरशी (ट्रायल करवणाऱ्या कंपनीशी किंवा संस्थेशी) हा मुद्दा नेटाने भांडावा. निकाल यायला लागल्यावर रेंज हलवणं मात्र कोणत्याही कारणाने चालणार नाही.

आणि ज्यांनी रक्त दिलं त्यांना त्यांचा रिपोर्ट द्या, त्यांच्या भाषेत समजावून. रेंजच्या व्याख्येनेच निरोगी माणसांपैकी पाच टक्के बाहेर पडतात; एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के असते. लाल अक्षरातला आकडा बघून कोणी रात्रभर जागता कामा नये. पण ज्या बाईचं फेरिटिन तळाला गेलंय म्हणून तुम्ही तिला यादीतून वगळलंत, तिला त्याच दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी मिळायला हवी.